सीटखालचा रेडिओ

आमच्या वॅगन आरमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली एक ओढायचा कप्पा आहे. गाडी घरी आली त्याच दिवशी बायकोने तो ताब्यात घेतला. घडीची छत्री, लग्नाकार्याच्या चपला, काच पुसायला फाटकी ओढणी, घाटात मळमळलं तर आलेपाकाची पुडी, असा त्यातला ऐवज. गाडीत हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेने बोलायचा बिनतारी सेट, बसवायचं ठरवलं आणि टेप घेऊन जागा शोधायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की पायात न येणारी, उन्हात न तापणारी, बाहेरून न दिसणारी आणि सेट मावेल अशी जागा अख्ख्या गाडीत एकच आहे. आणि ती भरलेली आहे.

परवाना माझ्याकडे बरीच वर्षं होता. व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरचं आपलं नाव), म्हणजे मर्यादित श्रेणीचा, मोर्स न शिकता मिळणारा. परीक्षा दिली, दूरसंचार विभागाच्या, परवाने देणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेचा कागद आला, पाच वॉटचा हातातला सेट घेतला आणि गच्चीवरून पुण्यातल्या पुण्यात गप्पा मारण्यात समाधान मानलं. गाडीचा विषय डोक्यात आला तो २०२१च्या जुलैत. २२ तारखेला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. माझा मोठा भाऊ महाडला असतो. दोन दिवस त्याचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी नंबरवरून ‘वरच्या मजल्यावर आहोत, बरे आहोत’ एवढं कळलं. माझ्याकडे रेडिओ असता तर काही फरक पडला असता असं मी म्हणणार नाही, कारण तिकडे ऐकणारं कुणी नव्हतं. पण तिथल्या एका शाळूसोबत्याने पुढच्याच वर्षी हट्टाने परवाना काढला आणि मला फोन करून म्हणाला, “मी ऐकायला बसलोय. आता तू बोल.”

हातातल्या सेटवरून गाडीत बसून बोलता येतं, पण ते बादलीत तोंड घालून हाक मारल्यासारखं. चारी बाजूंनी पत्रा, त्यात वीतभर रबरी अँटेना. खिडकीतून जे काय बाहेर झिरपेल तेवढंच. कात्रजचा बोगदा ओलांडला की माझा आवाज संपायचा. गाडीला लागतो तो पन्नासेक वॉटचा सेट, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे छताबाहेर अँटेना.

बायकोला पटवताना मी प्रत्येक हॅम देतो तेच उदाहरण दिलं. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते, २६ तारखेला त्सुनामी आली, आणि मौजेसाठी लावलेलं तेच स्टेशन अंदमानचे निरोप देशभर पोचवत राहिलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “त्या हॉटेलातून बोलत होत्या ना? गाडीच्या सीटखालून नाही.” कप्पा मिळाला, पण छत्री माझ्या बाजूच्या दाराच्या खणात राहील आणि चपलांची सोय मी करीन, या अटींवर. आलेपाकाची पुडी आता तिच्या पर्समध्ये असते.

सेट जुना घेतला. एका ज्येष्ठ हॅम काकांकडे येसूचा एफटी-७९०० पडून होता. आता तो बनत नाही, पण गाडीसाठी त्याच्यासारखा सोयीचा सेट नाही. दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर (ही नावं लहरींच्या लांबीवरून) असे दोन्ही बँड, पहिल्यावर पन्नास वॉट, आणि तोंड धडापासून सुटं करता येतं. म्हणजे जड धड सीटखाली, बटणांचं पॅनेल डॅशबोर्डजवळ, मध्ये एक वायर. काकांनी आधी परवान्याची झेरॉक्स मागितली, मग सेट दाखवला. सोळा हजारांत ठरलं. निघताना म्हणाले, “बसवायला एक रविवार लागेल. गप्प करायला किती लागतील ते तुझी गाडी ठरवेल.” मला वाटलं, म्हाताऱ्याचा विनोद.

सगळ्यात सोपी वाट म्हणून आधी लायटरच्या सॉकेटमध्ये पिन खुपसली. हे सगळेच करतात आणि सगळ्यांनाच पहिल्या दिवशी कळतं. ऐकताना सेट अर्धा अँपिअर घेतो, तेव्हा काहीच जाणवत नाही. माइकचं बटण दाबलं की पूर्ण ताकदीला साडेआठ अँपिअर. इंजिन बंद, बॅटरी साडेबारा व्होल्ट, बटण दाबलं आणि पॅनेलचा दिवा मिणमिणून सेट बंद. मल्टिमीटर लावून पाहिलं तर सॉकेटपाशी १०.८ व्होल्ट. सेटला हवेत १३.८, त्यात पंधरा टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे खाली ११.७ पर्यंत. इंजिन चालू केल्यावर भागलं, पण दोन मिनिटं बोलून पिन उपसली तर बोटाला चटका. दीड व्होल्ट त्या बारीक वायरीत आणि सैल स्प्रिंगमध्ये जळत होते. मोबाइल चार्ज करायच्या भोकाकडून ही अपेक्षाच चुकीची होती.

मग तपकीर गल्ली. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लाल-काळी, पाच-पाच मीटर. दोन फ्यूज होल्डर, पंधरा अँपिअरचे फ्यूज, वायरीच्या टोकाला लावायचे थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह. दुकानदार म्हणाला, अडीचची पुरेल, इन्व्हर्टरला लावताय का? अडीचची चालली असती, पण तिच्यात पाऊण-अर्धा व्होल्ट उगीच गेला असता. आणि गाडीतली वायर एकदा ओढली की दुसऱ्यांदा ओढायची इच्छा माणसाला उरत नाही.

वायर ओढायला मी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. पंचविशीचा पोरगा, कानाला पेन्सिल. सेट हातात घेऊन उलटासुलटा बघितला. “काका, म्युझिकच्या लाइनवर टाकतो, दहा मिनिटांत मोकळे.”

“नाही रे भाऊ, थेट बॅटरीवरून पाहिजे. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात.”

“सेटच्या वायरला फ्यूज आहे की.”

“तो सेटजवळ आहे. बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरीला कोण राखणार? कुठे पत्र्यावर घासली तर?”

तो काही बोलला नाही. उठून आत गेला, पत्र्याच्या ड्रॉवरमधून एक वितळलेला हार्नेस घेऊन आला आणि माझ्या हातात ठेवला. आठ-दहा वायरी एकमेकींत विरघळून कोळशाची काठी झालेली. “प्रेशर हॉर्नवाल्याचं. फ्यूज नव्हता.” त्यानंतर आमचं चांगलं जमलं.

बोनेटखालून गाडीच्या आत वायर नेणं हे या सगळ्यातलं सर्वांत कटकटीचं काम. इंजिन आणि केबिनच्या मध्ये जो पत्रा असतो त्याला नवीन भोक पाडायचं नाही, ही माझी अट. मेन वायरिंग आत जातं तिथे एक जाड रबरी बुश असतो. पोराने त्याला टोच्याने कडेला छिद्र पाडलं, त्यातून सायकलच्या ब्रेकची तार सरकवली, आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर उताणा, डोकं पेडलांत, पाय दाराबाहेर. वरून मी तार ढकलतोय, खालून तो “अजून, अजून, थांबा” करतोय. तारेचं टोक सापडलं तसं त्याने वायर टेपने बांधली, साबणाचं पाणी लावलं आणि हळूहळू ओढून घेतली. ब्रेक-क्लचच्या पेडलांत लोंबणार नाही अशी पट्ट्यांनी आवळली, इंजिनच्या बाजूला काळ्या नालीदार पाइपात घालून सायलेन्सरच्या नळीपासून लांब नेली. हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं. त्याचं त्याला कळत होतं. सीटखाली हात घालताना मात्र मला बजावलं, “पिवळ्या कनेक्टरला शिवायचं नाही हां काका. ते एअरबॅगचं खातं.”

काळ्या वायरीवरून थोडा खल झाला. जुन्या हॅम मंडळींच्या मते लाल आणि काळी दोन्ही थेट बॅटरीवर जायला हव्यात, दोन्हींत फ्यूज. पण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर एक सेन्सर बसवलेला असतो, तो येणारा-जाणारा करंट मोजतो. त्याला वगळून आपण थेट टर्मिनलवर काही लावलं की त्याचा हिशेब चुकतो. त्या गाड्यांत काळी वायर बॉडीला द्यायची. माझ्या गाडीत सेन्सर नाही, तरी पुढची गाडी घेतली की सवय नको बदलायला म्हणून मी बॉडीच निवडली. पोराने सीटच्या पायाशी असलेला एक बोल्ट दाखवला, तो जवळ होता, साडेसात वाजले होते, मी हो म्हटलं. ती ‘हो’ पुढे मला दोन महिने पुरली.

पॅनेलसाठी फार जागा नव्हती. डॅशबोर्डवर गणपती आहे, त्याला हलवायचा नाही. डावीकडे एअरबॅगचं झाकण, त्यावर काही चिकटवायचं नाही. शेवटी म्युझिक सिस्टीमच्या खाली उरलेल्या चार बोटांत ते बसलं. धड सीटखाली ठेवताना मात्र मी कप्पा पूर्ण काढला आणि चारी बाजू मोकळ्या सोडल्या. पन्नास वॉट अँटेनाकडे जातात तेव्हा सेट बॅटरीतून सव्वाशेच्या आसपास वॉट ओढतो. उरलेले सगळे उष्णता. अर्धा तास गप्पा झाल्यावर त्यावर पापड भाजता येईल असं मी गमतीने म्हणालो, तेव्हा छत्री परत तिथे ठेवायचा विषय कायमचा मिटला.

आता अँटेना. छताच्या मधोमध भोक पाडून पक्की बसवायची, हा सगळ्यात उत्तम मार्ग. हे मी लिहितोय, केलेलं नाही. मी मॅग्नेटचा बेस घेतला. आमचं छत पोलादी पत्र्याचं, चुंबक घट्ट धरतं. काचेचं छत असलेल्यांनी दुसरा उपाय शोधावा. कित्येकांना वाटतं की अँटेना म्हणजे ती उभी सळई. अर्धीच अँटेना ती. दुसरी अर्धी म्हणजे खालचा पत्रा. म्हणून बेस डिकीच्या कडेला ठेवण्यापेक्षा छताच्या मध्ये ठेवला की चारी दिशांना सारखं ऐकू जातं. चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाचा थर असतो, त्यातूनही काम भागतं, पण खाली धूळ राहिली तर रंगावर गोल ओरखडा उठतो. माझ्या छतावर तो चंद्रासारखा आहे. बायकोने अजून पाहिलेला नाही, ती छताच्या उंचीला पोचत नाही.

दुकानात सव्वा मीटरची अँटेना चांगली मिळत होती, लांब पल्ल्याची. पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरताना एक बीम आडवी आहे, आणि तसली अँटेना बीमला लागल्यावर येणारा आवाज मी एका मित्राच्या गाडीत बसून ऐकलेला आहे. म्हणून पाव लहरीची आखूड अँटेना. १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर सात सेंटिमीटरची. तिचा चौथा हिस्सा, थोडा छाटून, ४९ सेंटिमीटरच्या आसपास. ब्रेझिंगची तीन मिलिमीटरची पितळी सळई घेतली, ५२ सेंटिमीटरवर कापली, टोकाला कुणाच्या डोळ्याला लागू नये म्हणून पेनच्या टोपणाचा तुकडा. हीच सळई सत्तर सेंटिमीटरच्या बँडवर पाऊण लहर होते आणि तिथेही बऱ्यापैकी चालते, हा वरचा फायदा.

सळई बरोबर लांबीची आहे का ते एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. पाठवलेली किती ताकद अँटेनाने न घेता परत फेकली, त्याचा हिशेब. मी पहिल्यांदा पार्किंगमध्येच मोजायला बसलो. वर पत्र्याची शेड, शेजारी दोन गाड्या, मागून वॉचमन वाकून बघतोय. तो हलला की काटा हलायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या मैदानात गेलो, दारं लावून आत बसलो, ताकद पाच वॉटवर ठेवली. १४४.१ वर १.६, १४५ वर १.९, १४५.९ वर २.२. आपल्याकडे हौशींना या बँडचे १४४ ते १४६ एवढेच दोन मेगाहर्ट्झ आहेत, त्यात खालच्या टोकाला आकडा चांगला आणि वर बिघडतोय, म्हणजे सळई लांब आहे. कानशीने घासायची, मोजायची, पुन्हा घासायची. पाच मिलिमीटर, पाच मिलिमीटर, मग दोन. सहाव्या खेपेला १४५ वर १.३. १.९ला दहा टक्क्यांच्या आसपास ताकद परत येते, १.३ला जेमतेम दोन टक्के. मला १.१ दिसायची हाव सुटली, आणखी तीन मिलिमीटर घासले आणि आकडा परत १.४ झाला. घासलेलं पितळ परत चिकटत नाही. सळई चाळीस रुपयांची होती, दुसरी घेतली.

मॅग्नेटसोबतची केबल बारीक, चार मीटर, आणि तीच सेट आणि छताच्या मध्ये पन्नासातले आठेक वॉट खाऊन टाकते. जाड केबल डिकीच्या रबरातून वाकत नाही, म्हणून ते मान्य करून टाकलं. रबरातून केबल घेतल्याची खरी किंमत जूनमध्ये कळली. पहिल्या जोरदार सरीत छतावरचं पाणी केबल धरून आत आलं आणि मागे बसलेल्या सासूबाईंच्या खांद्यावर पडलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं वर बघितलं. उपाय सोपा: केबल आत शिरण्याआधी बाहेरच तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळतं आणि वर चढत नाही. विजेच्या खांबावरून घरात वायर घेताना हेच करतात. माझ्या डोळ्यांसमोर रोज होतं.

तर रेडिओ बसला. जानेवारीतला एक रविवार आणि अँटेनाच्या दोन पहाटा. काका म्हणाले होते तसंच.

सोमवारी ऑफिसला निघालो. चावी फिरवली आणि स्पीकरमधून शूऽऽऽ. स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना स्पीकर गप्प ठेवणारा नॉब, कितीही पिळला तरी थांबेना. एफएमवर शांतता हवी तर रेडिओला काहीच ऐकू यायला नको, आणि याला सतत काहीतरी ऐकू येत होतं; मीटरच्या पट्ट्या अर्ध्यावर. गाडीचा आवाज म्हणजे अल्टरनेटर, हे मी कुठेतरी ऐकून होतो. सातशे रुपयांचा नॉइज फिल्टर आणून लाल वायरीवर लावला. काही नाही. प्लगच्या वायरी बदलल्या. गाडीला बरं वाटलं असेल, आवाजाला काही नाही. दोन आठवडे मी अँटेना या बाजूला सरकव, त्या बाजूला सरकव करत होतो.

एका संध्याकाळी पार्किंगमध्ये चावी अर्धी फिरवून नुसता बसलो होतो. इंजिन बंद आणि शूऽऽ चालू. इंजिनच बंद आहे म्हटल्यावर अल्टरनेटरचा संबंध काय? एवढी साधी गोष्ट सुचायला दोन आठवडे लागले. फ्यूजची पेटी उघडली, एकेक फ्यूज काढत गेलो. लायटर सॉकेटचा फ्यूज काढला आणि गाडीत अशी शांतता पसरली की शेजारच्या बिल्डिंगमधला कुकर ऐकू आला. सॉकेटमध्ये होता डॅशकॅमचा चार्जर. फुकट मिळालेला, काडेपेटीएवढा. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करताना हे स्वस्त चार्जर सेकंदाला लाखो वेळा करंट चालूबंद करतात, आणि डॅशकॅमची लांब वायर काचेवरून जाते ती त्या कचऱ्याची अँटेना होते. वायरीला फेराइटच्या कड्यात पाच वेढे दिले तर आवाज निम्मा झाला. चांगला चार्जर घेतला तेव्हा गेला. आता कुणीही गाडीत हॅम सेट बसवून ‘गोंगाट येतो’ म्हणाला की मी आधी विचारतो, डॅशकॅम आहे का?

त्याच आठवड्यात कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना ४३७.८०० मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचा रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुन्हा पाठवणारा सेट, ऐकला. स्थानक आपल्याकडे येत असताना फ्रिक्वेन्सी वर सरकते, लांब जाताना खाली, म्हणून ४३७.८१० पासून सुरू करून पाच-पाच किलोहर्ट्झ खाली येत गेलो. गर्दीत कुणीतरी व्हीयू२ स्टेशन आपला कॉलसाइन तीनदा सांगत होतं. मागचा टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. चार्जर असता तर यातलं काही कानावर आलं नसतं.

मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या रेडिओ-बैठकीत, एक जण म्हणाला, “ओएम (हॅम एकमेकांना असंच म्हणतात), तुमच्या आवाजामागे डास गुणगुणतोय. गाडी पळवली की डासही पळतो.” हा मात्र खराच अल्टरनेटर होता, आणि तो मला ऐकू येत नव्हता, फक्त समोरच्यांना. ऐकणाऱ्यांनी सौजन्याने महिनाभर सांगितलं नव्हतं. मल्टिमीटरचं एक टोक सेटच्या काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या काळ्या टर्मिनलला लावलं, बटण दाबलं. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं होतं. दिसले ०.९ व्होल्ट. सीटच्या पायाचा तो बोल्ट. साडेसात वाजता होकार दिलेला. बोल्टखाली कंपनीचा रंग तसाच होता, थिंबल रंगावर टेकलेला, आणि जी काय अर्थिंग मिळत होती ती आट्यांमधून. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, दातेरी वॉशर घातला, गंज चढू नये म्हणून वर ग्रीस. ०.१ व्होल्ट. त्या संध्याकाळी विचारलं, डास? “मेला,” असं उत्तर आलं.

नाकाबंदीत एकदाच अडवलं. हवालदारांनी छताकडे बघितलं, मग पॅनेलकडे. “पोलिसांचं ऐकता का?” परवान्याची प्रत विमा-पीयूसीच्या फाइलमध्येच ठेवलेली असते, ती दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, आणि मग खालच्या आवाजात विचारलं की मुलाला ही परीक्षा देता येईल का, बारावीला आहे. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं बोललो. चालवताना मी फक्त ऐकतो. बोलायचं तर कडेला थांबून. हा नियम मी दोनदा मोडलाय, दोन्ही वेळा गिअर चुकला.

नोव्हेंबरात भावाकडे निघालो. कापूरहोळ, भोर, नीरा-देवघरचं पाणी उजवी-डावीकडे, मग वरंधा. वाघजाईपाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत, तिथे गाडी लावली. फोनला रेंज नव्हती. शाळूसोबती ठरल्याप्रमाणे महाडला गच्चीवर, हातातल्या पाच वॉटच्या सेटवर. सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. मी हाक मारली. कॉलसाइनच्या मागे ‘मोबाइल’, म्हणजे गाडीतून, असं म्हणताना जरा छाती फुगली. उत्तरादाखल खरखर, आणि खरखरीत बुडालेला एक माणूस. गाडी दोन हात पुढे घेतली. या बँडवर डोंगरावरून परतलेल्या लहरी एकमेकींत अशा मिसळतात की हातभर अंतरात आवाज मरतो किंवा जिवंत होतो. तिसऱ्या हाताला तो असा स्पष्ट आला की बायकोने भज्यांच्या रांगेतून वळून बघितलं.

“फाइव्ह नाइन! अरे तू शेजारी बसल्यासारखा! वहिनी आहेत का? तुझ्या दादाला बोलावलंय, जिना चढतोय, थांब...” आणि आवाज एकदम खोल गेला. मीटरच्या पट्ट्या खाली. मी नॉब फिरवतोय, फ्यूज गेला का बघतोय. रांगेतून बायको ओरडतेय, “अरे वर बघ! वर!”

छतावर एक भलंमोठं माकड बसलं होतं. त्याने सळई दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे वाकवली होती आणि टोकाचं पेनचं टोपण दातांनी तपासत होतं. माइक माझ्या हातात, पण बटण दाबायची सोय नाही. पन्नास वॉट जात असताना अँटेनाला हात लागला तर भाजतं, आणि तोंड लागलं तर काय होईल ते मला बघायचं नव्हतं. खाली महाडला माझा भाऊ रेडिओवर पहिल्यांदाच “हॅलो? हॅलो? काय झालं रे?” करतोय, आणि मी मुकाट बसलोय. शेवटी बायकोने एक भजं लांब फेकलं. माकड त्यामागे गेलं. मी उतरून सळई हाताने सरळ केली, चुंबक जागेवर आणला, आत बसलो.

“काय झालं होतं?” शाळूसोबत्याने विचारलं.

“माकड.”

“पुन्हा सांग, नीट आलं नाही.”

“माइक, अल्फा, किलो, अल्फा, डेल्टा.”